जुन्या सुवाह्य संगणकाच्या मदरबोर्डवरील धारित्रे बदलल्यानंतरचे दोषनिदान : ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’च्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

१९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या सुवाह्य संगणकांच्या मदरबोर्डवरील एसएमडी प्रकारची ॲल्युमिनिअम धारित्रे कालांतराने गळू लागतात व संगणक बंद पडतो. अशी सर्व धारित्रे बदलणे हा त्यावरील सर्वमान्य उपाय होय. तथापि धारित्रे बदलूनही संगणक सुरू न होणे हा अनुभव दुर्मीळ नाही. प्रस्तुत लेखात या अपयशाची कारणे, त्यांचे वर्गीकरण आणि दोषनिदानाचा सुरक्षित क्रम यांचा ऊहापोह केला आहे. विवेचनासाठी १९८९ मधील ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ या संगणकाचे उदाहरण घेतले आहे. गळलेल्या द्रवाचा अवशेष हा मूळ दोष असून धारित्र हा केवळ त्याचा उगम असतो आणि अल्पशक्तीवर चालणाऱ्या सुवाह्य यंत्रात हा अवशेष विशेष घातक ठरतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : धारित्र, विद्युत् विच्छेद्य, गळती प्रवाह, मदरबोर्ड, दोषनिदान, संगणकाचे जतन.

१. प्रस्तावना

संगणकाचा इतिहास आपण बहुधा ग्रंथांतून शिकवतो. परंतु इतिहासाची खरी साधने म्हणजे ती यंत्रेच होत. एखादा जुना संगणक चालू स्थितीत असेल तर त्याचा पडदा, त्याचा वेग, त्यावरील प्रणाली आणि त्याच्या चकतीवर साठविलेला मजकूर हे सर्व प्रत्यक्ष अभ्यासता येते. बंद पडलेले यंत्र मात्र केवळ कपाटातील वस्तू बनते. म्हणून जुन्या यंत्राची दुरुस्ती हा हौसेचा विषय वाटला, तरी वस्तुतः तो साधनांच्या जतनाचा विषय आहे.

ॲपल कंपनीने २० सप्टेंबर १९८९ रोजी ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ बाजारात आणला. बॅटरीवर चालणारा हा पहिला मॅकिंटॉश. त्याचे वजन ७ किलोग्रॅमहून अधिक असल्याने त्याला सुवाह्य म्हणणे आज धाडसाचे वाटेल. तथापि त्यातील ६४० गुणिले ४०० बिंदूंचा ॲक्टिव्ह मॅट्रिक्स पडदा, सुमारे १६ मेगाहर्ट्‌झ वेगाचा सीमॉस पद्धतीचा ६८००० प्रक्रियक, स्थिर प्रकारची स्मृती आणि निद्रावस्थेत जाण्याची सोय ही त्या काळाच्या मानाने प्रगत वैशिष्ट्ये होती. ऑगस्ट १९९१ मध्ये ‘अटलांटिस’ या अंतराळयानाच्या एसटीएस-४३ या मोहिमेत याच संगणकावरून अंतराळातून पृथ्वीवर ई-मेल पाठविला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘पॉवरबुक’ मालिका आली आणि पोर्टेबलचे उत्पादन थांबले. दोन वर्षांच्या अल्प आयुष्यामुळे या यंत्राचे सुटे भाग मर्यादित संख्येनेच तयार झाले. त्यातील काही आयसी ॲपलसाठी खास बनविलेल्या असून त्यांचे उत्पादन आज होत नाही. त्यामुळे येथे दुरुस्तीत झालेली चूक बहुतांशी कायमची ठरते.

या यंत्राच्या दुरुस्तीत पुढील प्रसंग नेहमी येतो. मदरबोर्डवरील धारित्रे गळलेली दिसतात. ती सर्व काढून तेथे नवी बसविली जातात. बॅटरी जोडून कळ दाबली जाते आणि काहीही घडत नाही. येथून पुढे अनेकदा अंदाजाने भाग बदलण्यास सुरुवात होते व यंत्राचे उरलेसुरले आयुष्यही धोक्यात येते. या टप्प्यावर नेमके काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. धारित्र गळण्याची कारणमीमांसा

धारित्र, म्हणजे प्रचलित भाषेत कपॅसिटर, विद्युत् प्रभार साठविण्याचे काम करते. ॲल्युमिनिअम विद्युत् विच्छेद्य धारित्रात दोन पातळ ॲल्युमिनिअम पत्रे कागदाच्या थरासह गुंडाळलेले असतात. धनाग्राच्या पत्र्यावर ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो व तोच विद्युत् अपारकाचे काम करतो. कागदात मुरलेला विद्युत् विच्छेद्य द्रव हा खऱ्या अर्थाने दुसरा अग्र असतो. ही गुंडाळी ॲल्युमिनिअमच्या छोट्या डबीत बसवून तिचे तोंड रबरी बुचाने बंद केलेले असते. एसएमडी प्रकारात हे बूच खालच्या बाजूस, म्हणजे मदरबोर्डला लागून असते. त्यामुळे गळती वरून दिसत नाही. ती दिसू लागते तेव्हा द्रव बराच पसरलेला असतो.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कमी अंतर्गत रोध असलेल्या धारित्रांची मागणी वाढली व त्यांसाठी चतुर्थक अमोनिअम क्षारांचा द्रव वापरात आला. या द्रवामुळे ऋणाग्राजवळ अल्कधर्मी पदार्थ तयार होतो आणि तो रबरी बूच व धातूची तार यांमधील सांधा हळूहळू कमकुवत करतो. पुढील काळात उत्पादकांनी द्रवाचे घटक बदलले. २००० च्या सुमारास अनेक मदरबोर्डवर धारित्रे फुगून फुटण्याची साथ आली होती व ती संगणक वापरणाऱ्यांच्या स्मरणात आहे. परंतु तो प्रकार निराळा होता. तेथे सदोष जलयुक्त द्रवामुळे आत वायू तयार होऊन डबी फुगत असे. येथे डबी शेवटपर्यंत सुबक दिसते आणि द्रव मात्र खालून निसटलेला असतो. केवळ डोळ्यांनी पाहून ‘धारित्र चांगले आहे’ असा निर्वाळा देणे म्हणूनच चुकीचे ठरते. भोवतालचे सोल्डर काळपट व निस्तेज होणे आणि सोल्डरिंगच्या वेळी मासळीसारखा वास येणे या गळतीच्या विश्वसनीय खुणा होत.

३. सुवाह्य यंत्रात अवशेष अधिक घातक का ठरतो?

गळलेला द्रव विद्युत् वाहक, आर्द्रताशोषक आणि क्षरणकारी असतो. तो केशाकर्षणाने आयसींच्या पायांखाली, हिरव्या संरक्षक थराखाली व बोर्डाच्या आरपार छिद्रांत शिरतो. त्याचे दोन परस्परविरोधी परिणाम होतात. जेथे वीज वाहावयास नको तेथे तो मार्ग निर्माण करतो आणि जेथे वाहावयास हवी तेथे तांबे खाऊन मार्ग तोडतो.

यांतील पहिला परिणाम सुवाह्य यंत्रात विशेष गंभीर का, हे एका साध्या आकडेमोडीने समजून घेता येईल. समजा, अवशेषामुळे दोन बिंदूंमध्ये १०० किलोओहमचा अनिष्ट मार्ग तयार झाला आहे. हे बिंदू ५ व्होल्टची मुख्य वाहिनी व भूमी हे असतील, तर त्यातून केवळ ५० मायक्रोॲम्पिअर प्रवाह वाहील. यंत्राच्या एकूण गरजेपुढे तो नगण्य आहे. आता समजा, तोच मार्ग रीसेटच्या कालमापक मंडलातील धारित्राला समांतर आला आहे आणि ते धारित्र १ मेगाओहमच्या रोधकातून प्रभारित होत आहे. तेव्हा रोधक व अवशेष मिळून विभाजक तयार होतो आणि धारित्रावरील दाब ५ व्होल्टपर्यंत न जाता सुमारे ०.४५ व्होल्टवरच अडकून राहतो. यंत्र कायम रीसेट अवस्थेत राहते. धारित्र नवे आहे, वीजपुरवठा ठीक आहे, प्रक्रियकही सुस्थितीत आहे. तरी यंत्र मृतवत दिसते.

बॅटरी वाचविण्यासाठी सुवाह्य यंत्रांत सीमॉस आयसी व मोठ्या मूल्यांचे रोधक वापरलेले असतात. अत्यल्प प्रवाहावर चालणारी अशी मंडले अत्यल्प गळतीनेही बिघडतात. टेबलावरील संगणकात जो अवशेष वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहू शकेल, तोच सुवाह्य यंत्रास ठप्प करतो.

मॅकिंटॉश पोर्टेबलच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडले जाते. या यंत्राला चालू-बंद करण्याचे यांत्रिक बटण नाही. कळफलकावरील कळ दाबली की ‘पॉवर मॅनेजर’ नावाचा स्वतंत्र सूक्ष्मनियंत्रक जागा होऊन उर्वरित यंत्रास वीज देतो. बॅटरीच्या दाबावर लक्ष ठेवणे, घड्याळ चालविणे, निद्रावस्था सांभाळणे ही कामेही त्याच्याकडेच आहेत. हा नियंत्रक अखंड जागा असतो व अत्यल्प प्रवाहावर चालतो. त्याला मिळणारी माहिती अवशेषामुळे चुकली, तर भरलेली बॅटरीही त्याला रिकामी भासू शकते व तो यंत्र सुरू करण्यास नकार देतो. हा नकार आणि मदरबोर्ड जळणे यांतील फरक बाहेरून कळत नाही.

४. बदलानंतरच्या दोषांचे वर्गीकरण

निदानास प्रारंभ करण्यापूर्वी दोष कोणत्या गटातील असू शकतो याचा विचार करणे इष्ट होय. असे तीन गट संभवतात.

(अ) मागे राहिलेले दोष : न निघालेला अवशेष, खाल्लेल्या तांब्याच्या रेघा, आतून तुटलेली आरपार छिद्रे आणि आयसींच्या पायांवरील क्षरण.

(आ) दुरुस्तीतून आलेले दोष : उखडलेले पॅड, उलट दिशेने बसविलेली धारित्रे, शेजारच्या पायांना जोडणारे सोल्डरचे थेंब, धुतल्यानंतर राहिलेला ओलावा आणि नीट न बसलेल्या जोडण्या.

(इ) स्वतंत्र दोष : निकामी बॅटरी, खराब अडॅप्टर, अडकलेली हार्ड डिस्क, जळालेला फ्यूज.

(आ) गटातील दिशेची चूक विशेष स्पष्टीकरणास पात्र आहे. एसएमडी ॲल्युमिनिअम धारित्राच्या डबीवरील काळा पट्टा ऋण बाजू दर्शवितो. याउलट टँटलम धारित्रावरील पट्टा धन बाजू दर्शवितो. जुन्या ॲल्युमिनिअम धारित्रांच्या जागी टँटलम बसविताना ‘पट्ट्याच्या जागी पट्टा’ ठेवला, तर प्रत्येक धारित्र उलटे बसते. उलट्या टँटलममधून मोठा प्रवाह वाहतो व ते पेट घेऊ शकते. त्यामुळे दिशा ठरविताना जुन्या भागावर विसंबून न राहता बोर्डावर छापलेले अधिक चिन्ह पाहावे व मल्टीमीटरने कोणते पॅड भूमीशी जोडलेले आहे याची खातरजमा करावी.

नव्या धारित्राचा प्रकार हाही दोषाचे कारण ठरू शकतो. टँटलम धारित्राचा दर्शनी दाब प्रत्यक्ष दाबाच्या किमान दुप्पट असावा, असा संकेत आहे. उच्च क्षमतेच्या सिरॅमिक धारित्राची धारिता एकदिश दाबाखाली लक्षणीय घटते. त्यामुळे कालमापक मंडलात त्याचा वापर अपेक्षित वेळ देत नाही. पॉलिमर धारित्राचा अंतर्गत रोध कमी असला तरी त्याचा गळती प्रवाह अधिक असतो. ४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्टच्या सर्वसाधारण टँटलम धारित्रासाठीही गळतीची कमाल मर्यादा ०.०१ गुणिले धारिता गुणिले दाब या सूत्राने सुमारे ७.५ मायक्रोॲम्पिअर येते. प्रत्यक्ष गळती बहुधा याहून बरीच कमी असते. तरीही १ मेगाओहमच्या रोधकातून एवढा प्रवाह वाहिला तर ५ व्होल्टचा संपूर्ण दाब त्यातच खर्ची पडेल. म्हणजेच एकाच प्रकारचे धारित्र सर्व जागी बसविणे सोयीचे असले तरी शास्त्रीय नव्हे. धारित्र वीजवाहिनीवर आहे की कालमापक मंडलात आहे, हे पाहून निवड व्हावी.

५. दोषनिदानाचा क्रम

पुढील क्रमाचे तत्त्व असे की, यंत्रास वीज न देता जे तपासता येते ते प्रथम तपासावे आणि वीज दिल्यानंतर उगमाकडून टोकाकडे जावे.

५.१ नोंद व वीजस्रोत काढणे

प्रारंभी मदरबोर्डच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. कोणते धारित्र कोठे व कोणत्या मूल्याचे होते, याची यादी करावी. पोर्टेबलमध्ये मुख्य बॅटरीखेरीज ९ व्होल्टची एक साहाय्यक बॅटरी असते. मुख्य बॅटरी बदलताना स्मृतीतील मजकूर टिकावा हा तिचा हेतू. चालू-बंद बटण नसल्याने बॅटरी जोडलेली असेतोवर मदरबोर्डचा काही भाग सदैव विद्युत् दाबाखाली असतो. ही गोष्ट लक्षात न घेता सोल्डरिंग केल्यास चांगली आयसीही नष्ट होऊ शकते. म्हणून अडॅप्टर, मुख्य बॅटरी व साहाय्यक बॅटरी हे तिन्ही स्रोत काढल्याशिवाय मदरबोर्डला हात लावू नये. तिन्ही स्रोत काही मिनिटे काढून ठेवल्याने पॉवर मॅनेजरची गोठलेली अवस्थाही पुसली जाते. कधीकधी एवढ्यानेच यंत्र सुरू होते.

५.२ स्वच्छता

केवळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे ही येथील सर्वाधिक आढळणारी उणीव होय. अवशेषातील क्षार अल्कोहोलपेक्षा पाण्यात चांगले विरघळतात. नुसत्या अल्कोहोलने ते निघून न जाता पातळ थराच्या रूपाने पसरण्याचीच शक्यता अधिक. त्यामुळे सौम्य साबणाचे कोमट पाणी व मऊ ब्रश यांनी मदरबोर्ड धुऊन, ऊर्ध्वपातित पाण्याने खळखळून काढावा. त्यानंतर अल्कोहोल वापरावे, जेणेकरून राहिलेले पाणी निघून जाईल. आयसींच्या खाली विशेष लक्ष द्यावे. पुढे सुमारे ५० ते ६० अंश सेल्सिअस तापमानात अनेक तास मदरबोर्ड वाळवावा. ओला मदरबोर्ड जोडणे म्हणजे काढलेला अनिष्ट मार्ग पुन्हा निर्माण करणे होय.

५.३ भिंगाखालील तपासणी व सातत्य चाचणी

भिंगाखाली प्रत्येक नव्या धारित्राची दिशा, सोल्डरचा सांधा व भोवतालच्या रेघा पाहाव्यात. संरक्षक थराखाली काळसर झालेली रेघ संशयास्पद मानावी. सांधा दिसण्यास उत्तम असूनही पॅड रेघेपासून तुटलेले असू शकते. म्हणून सातत्य चाचणी सांध्यापासून सांध्यापर्यंत न घेता, धारित्राच्या टोकापासून ती रेघ जेथे पोहोचते त्या पुढील भागाच्या पायापर्यंत घ्यावी. आरपार छिद्रांची चाचणी दोन्ही बाजूंनी घ्यावी. तुटलेली रेघ बारीक इनॅमल तारेने जोडावी आणि या जोडणीची नोंद करावी.

यानंतर वीजवाहिनी व भूमी यांमधील रोध मोजावा. धारित्रे प्रभारित होत असल्याने मल्टीमीटरवरील आकडा प्रथम कमी व नंतर वाढत जाणारा दिसतो. हे स्वाभाविक आहे. आकडा शून्यानजीक स्थिर राहिला तर मात्र वीज देऊ नये. सोल्डरचा थेंब किंवा उलटे धारित्र शोधावे.

५.४ मर्यादित प्रवाहावर वीज देणे

महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळांत प्रवाहमर्यादा ठरविता येणारा पॉवर सप्लाय असतो. जुन्या बॅटरीऐवजी त्याचा उपयोग करावा. पोर्टेबलची मूळ बॅटरी ६ व्होल्टची, शिसे-आम्ल प्रकारची, तीन घटांची आहे. पूर्ण भरलेल्या स्थितीत तिचा दाब सुमारे ६.३ ते ६.४ व्होल्ट असतो. पॉवर सप्लाय या दाबावर ठेवून तो बॅटरीच्या टोकांना जोडावा व त्या वेळी अडॅप्टर जोडू नये, अन्यथा बॅटरी भरण्याचे मंडल पॉवर सप्लायमध्येच प्रवाह ढकलेल. हार्ड डिस्क आणि फ्लॉपी ड्राइव्ह या टप्प्यावर अलग ठेवावेत.

प्रथम मर्यादा २०० ते ३०० मिलिॲम्पिअर ठेवावी. जोडताक्षणी प्रवाह मर्यादेला भिडून दाब कोसळला तर लघुमंडल आहे असे समजावे. त्याच मर्यादित प्रवाहात कोणता भाग गरम होतो हे पाहिल्यास दोषाची जागा सापडते. भागांवर अल्कोहोलचा पातळ थर दिल्यास तो गरम भागावर प्रथम वाळतो. प्रवाह अत्यल्प असेल, तर पॉवर मॅनेजर जागा आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो. पुढे मर्यादा वाढवून कळ दाबावी.

येथे (इ) गटातील एक दोष स्मरणात ठेवला पाहिजे. हे यंत्र मुळात निकामी बॅटरीसह, केवळ अडॅप्टरवर सुरू होत नाही. त्यामुळे निर्दोष मदरबोर्डही जुन्या बॅटरीमुळे मृत ठरविला जाऊ शकतो. मदरबोर्डवर संशय घेण्यापूर्वी वीजस्रोत निर्दोष असल्याची खात्री हवीच.

५.५ दाब, स्पंद व रीसेट

कळ दाबल्यानंतर ५ व्होल्टची वाहिनी ४.७५ ते ५.२५ व्होल्ट या मर्यादेत आहे का, हे मोजावे. मल्टीमीटर सरासरी दाखवितो. दाबातील जलद चढउतार पाहण्यासाठी ऑसिलोस्कोप आवश्यक आहे. वाहिनी क्षणभर उभी राहून पुन्हा कोसळत असेल, तर पॉवर मॅनेजरने काही कारणाने माघार घेतली आहे असे समजावे व बॅटरीच्या दाबाचे मापन करणाऱ्या मार्गाची तपासणी करावी.

त्यानंतर प्रक्रियकाला सुमारे १५.६७ मेगाहर्ट्‌झचे स्पंद मिळतात का ते पाहावे. स्पंद नाहीत म्हणून स्फटिक लगेच सदोष ठरवू नये. निद्रावस्थेत या यंत्रातील प्रक्रियकाचे स्पंद हेतुपुरस्सर थांबविले जातात. प्रथम यंत्र जागे आहे ना, हे पाहावे.

६८००० प्रक्रियकाचे ‘रीसेट’ व ‘हॉल्ट’ हे दोन्ही संकेत उच्च पातळीवर गेल्याशिवाय तो काम सुरू करीत नाही. दोन्ही प्रारंभापासून निम्न राहिले तर तिसऱ्या विभागात वर्णिलेला कालमापक मंडलातील अवशेष हे पहिले संशयस्थान होय. दोन्ही उच्च झाल्यावर प्रक्रियक पत्ता शून्यापासून पहिली आठ बाइट वाचतो. त्यांतून त्याला स्टॅकचा प्रारंभबिंदू व पहिल्या आज्ञेचा पत्ता मिळतो. या क्षणी ‘ॲड्रेस स्ट्रोब’ या पायावर हालचाल दिसली पाहिजे. हालचाल क्षणभर होऊन थांबली व हॉल्ट पुन्हा निम्न झाला, तर प्रक्रियक चुकीची माहिती वाचून स्वतःहून थांबला आहे. याचा अर्थ प्रक्रियक बिघडला असा नव्हे. पत्ता किंवा माहिती वाहून नेणारी एखादी रेघ तुटलेली असण्याचाच संभव अधिक. ए-१ ते ए-२३ या २३ पत्तारेषा व डी-० ते डी-१५ या १६ माहितीरेषा मिळून केवळ ३९ रेषांची सातत्य चाचणी घ्यावयाची असते. कंटाळवाणे असले तरी तासाभरात होणारे हे काम एक दुर्मीळ आयसी उगाच उपटण्यापासून वाचविते.

६. लक्षणांचा अन्वयार्थ

वरील क्रम पूर्ण केल्यावर लक्षणांतून पुढील अनुमाने काढता येतात.

(१) प्रवाह नाही, ध्वनी नाही : वीजस्रोत, फ्यूज, पॉवर मॅनेजर किंवा कळफलकाची जोडणी.

(२) प्रवाह आहे, ध्वनी नाही, पडदा रिकामा : स्पंद, रीसेट किंवा पत्ता-माहिती रेषा.

(३) सुरुवातीचा ध्वनी येतो, पडदा रिकामा : १९८९ च्या आवृत्तीतील पडद्याला मागून प्रकाश नाही. पडद्याच्या गडदपणाचा दाब चुकला तर यंत्र व्यवस्थित चालू असूनही पडदा रिकामा वा पूर्ण काळा दिसतो. पडद्याच्या जोडण्या व त्याचा दाब पाहावा.

(४) दुःखी चेहऱ्याचे चित्र व षोडशमान अंक : प्रक्रियक चालू असून त्याने घेतलेल्या स्वयंचाचणीत दोष आढळला आहे. ही वस्तुतः शुभ खूण होय, कारण यंत्र आता स्वतःच निदानात सहभागी झाले आहे. स्मृती व तिच्या वाढीव कार्डाच्या जोडण्या तपासाव्यात.

(५) फ्लॉपीच्या चित्रात लुकलुकणारे प्रश्नचिन्ह : मदरबोर्डचा गाभा सुस्थितीत आहे. दोष आता साठवणुकीच्या साधनांत शोधावा.

(६) आवाज क्षीण किंवा नाही, इतर सर्व ठीक : ध्वनिमार्गातील धारित्रे व त्यांच्या भोवतालचा अवशेष.

(७) यंत्र थंड असता चालते, दमट हवेत अडते : अवशेष अद्याप शिल्लक आहे. धुण्याची क्रिया पुन्हा करावी.

शेवटचे लक्षण आपल्याकडील पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट प्रदेशात ठेवलेल्या यंत्रांबाबत ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आर्द्रता शोषल्यावर सुप्त अवशेष पुन्हा वाहक बनतो. उन्हाळ्यात दुरुस्त ठरलेले यंत्र जुलैत बंद पडले, तर नवा दोष उद्भवला असे मानण्यापूर्वी जुना दोष पूर्णपणे गेला होता का, हा प्रश्न विचारावा.

७. कोठे थांबावे?

दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती हळूहळू एक प्रकारची अधीरता येते. आणखी एक आयसी बदलून पाहू, आणखी एकदा गरम करून पाहू, असे वाटू लागते. जतनशास्त्राचा येथे उपयुक्त असा संकेत आहे : प्रत्येक कृती शक्यतो उलटविता येण्याजोगी असावी आणि तिची नोंद असावी. तार जोडणे उलटविता येते. पॅड उखडणे उलटविता येत नाही. क्षरण झालेल्या मदरबोर्डवरील पॅड व फलक यांमधील चिकटपणा आधीच कमी झालेला असतो. त्यामुळे तेच धारित्र तिसऱ्यांदा काढणे हे बहुधा फायद्यापेक्षा अधिक हानी करते.

याकरिता एक नियम सुचवावासा वाटतो. मोजमापाने सदोष ठरल्याखेरीज कोणतीही आयसी काढू नये. मोजमापांनी वाट दाखविणे थांबविले तर मदरबोर्ड स्वच्छ व कोरडा करून, नोंदींसह ठेवून द्यावा. स्वच्छ केलेल्या, परंतु बंद असलेल्या मदरबोर्डवर क्षरण पुढे सरकत नाही व पुढील अभ्यासकास तो उपलब्ध राहतो. अर्धवट प्रयोगांनी पोखरलेला मदरबोर्ड मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही. याउलट धारित्रे गळत असलेला मदरबोर्ड ‘हात न लावता’ ठेवणे हेही जतन नव्हे. तेथे द्रव आपले काम करीतच असतो. म्हणून दुरुस्ती लांबणीवर टाकावयाची असली, तरी गळकी धारित्रे व बॅटऱ्या काढणे आणि मदरबोर्ड धुणे ही कामे लांबणीवर टाकू नयेत.

८. निष्कर्ष

(१) धारित्रे बदलणे हा दुरुस्तीचा शेवट नसून मध्य होय. धारित्र हा दोषाचा उगम असला तरी दोष पसरलेल्या द्रवात व खाल्लेल्या तांब्यात असतो.

(२) सुवाह्य यंत्रांतील मंडले अत्यल्प प्रवाहावर चालत असल्याने अवशेषाची अल्प मात्राही त्यांस ठप्प करण्यास पुरेशी ठरते.

(३) बदलानंतरचे दोष मागे राहिलेले, दुरुस्तीतून आलेले व स्वतंत्र असे तीन गटांत विभागल्यास शोधाचे क्षेत्र झपाट्याने आवळत जाते.

(४) वीज देण्यापूर्वीची तपासणी, मर्यादित प्रवाह आणि उगमाकडून टोकाकडे जाणारा क्रम यांमुळे दुर्मीळ भाग सुरक्षित राहतात.

(५) मोजमापाविना भाग बदलू नये आणि प्रत्येक कृतीची नोंद ठेवावी.

या विषयाचे अध्यापनातील मूल्यही लक्षणीय आहे. पाठ्यपुस्तकातील मंडल नेहमीच निर्दोष असते. विभाजकाचे सूत्र विद्यार्थी फळ्यावर सहज सोडवितो. परंतु तेच सूत्र एका थेंबभर अवशेषाने संपूर्ण यंत्र का बंद पडले याचे उत्तर देते, हे त्याला प्रयोगशाळेत प्रथमच उमगते. भांडार विभागातून निर्लेखित होणाऱ्या जुन्या संगणकांपैकी एखाददुसरा या कामासाठी राखून ठेवला, तर भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्र या तिन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना एकाच टेबलाभोवती आणता येईल. यंत्र सुरू झाले तर उत्तमच. न झाले तरी ते का झाले नाही हे मोजून सांगता येणे, हेही शिक्षणच होय.